डाव्या सीटवरची सुपारी

१

रविवारी सकाळी यशोधनची लाल गाडी फाटकाबाहेर निघाली की रुक्मिणीनगरातल्या निम्म्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहायची. दोन दारांची, जमिनीला पोट घासेल अशी बुटकी स्पोर्ट्‌स कार. तिचं गुरगुरणं आधी यायचं आणि गाडी मागून. यशोधन अमरावतीतला बरा चाललेला वकील, बापही वकील, आणि अख्ख्या शहरात अशी गाडी त्याच्याचकडे. दर रविवारी तो ती घेऊन बडनेऱ्यापर्यंत जायचा, स्टेशनसमोर टपरीवर चहा घ्यायचा, चार पोरं गाडीभोवती फिरून फोटो काढायची ते चष्म्याआडून बघायचा आणि परत यायचा. एवढंच. पण त्या एवढ्यावर त्याचा अख्खा आठवडा निघायचा.

मग जीवनने गाडी घेतली.

जीवन म्हणजे किसनराव माळ्याचा पोरगा. किसनराव यशोधनच्या घरी पूजेची फुलं आणि भाजी आणून द्यायचे, आणि जीवन त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून यायचा. पुढे तो अकोल्याला गेला, रोपवाटिका टाकली, गुलाब आणि जरबेरा नागपूर-हैदराबादला पाठवायला लागला आणि बघता बघता मोठा झाला. यशोधनला ते चालत होतं. माणसं मोठी होतात, होऊ देत. पण जीवनने घेतली ती निळी स्पोर्ट्‌स कार होती. नवीकोरी, यशोधनच्या गाडीपेक्षा दोन पायऱ्या वरची. आता खरं सांगायचं तर यशोधनचं पोटच दुखलं. जेवण गेलं नाही. स्वरालीने विचारलं तर पित्त झालंय म्हणाला.

जीवनचा फोन आला तो नेमका त्याच वेळी.

“दादा, गाडीची पूजा हाय. तुमी याच. पहिला मान तुमचा. तुमी बाजूले बसल्याबिगर मी गाडी हलवत नाई.”

“अरे, त्या दिवशी तारीख आहे माझी,” यशोधन म्हणाला.

तारीख वगैरे काही नव्हती. पूजेच्या दिवशी तो भर दुपारी कूलरसमोर पडून होता आणि डोळे मिटून सगळं बघत होता. हार घातलेलं बॉनेट, चाकांखालची लिंबं, उघडलेलं डावं दार, आत कोऱ्या चामड्याचा वास. जळफळाट म्हणतात तो हाच. असा तो पडल्या पडल्या त्या सीटवर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठला नाही.

दिवेलागणीला जीवनचा पुन्हा फोन. “तुमी नाई आले, दादा. मंग हरिहर गुरुजी म्हणले, माणूस नसन तं त्याच्या नावानं सुपारी ठेवा. डाव्या सीटवर ठेवली. तुमचं नाव, गोत्र घेऊन. तुमालेच बसवून राउंड मारला समजा.”

“छान केलंस,” यशोधन म्हणाला आणि फोन ठेवला. बायको नसली की कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. त्यात विशेष काय?

२

पंधरवड्यानंतर जीवन गाडी दाखवायला अमरावतीला आला. यशोधन मुद्दाम खाली गेला नाही. वरच्या खिडकीतून पडदा बोटभर सरकवून बघत राहिला. गाडी त्याने मनात चितारली होती त्याहून देखणी निघाली. हे त्याला फार लागलं.

आणि तेवढ्यात त्याला एक खटकलं. डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता. सीट रिकामी आणि पट्टा आडवा ताणून बसवलेला.

खाली जाऊन त्याने पहिलं तेच विचारलं.

“ते होय?” जीवन हसला. “नाई लावला तं पिं पिं करते, दादा. सीटवर कोनी बसलं हाय असं वाटते तिले. शोरूमवाल्यांनं दोनदा खोलून पायलं. काईच सापडत नाई म्हणते.”

“सेन्सर गेला असेल.” यशोधनला एकदम बरं वाटलं. एवढ्या पैशांच्या गाडीत खोट निघाली होती. त्या भरात तो जीवनच्या पाठीवर थापसुद्धा मारून आला.

स्वराली मात्र चक्कर मारायला बसली. जीवनने पट्टा सोडून तिला जागा करून दिली. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा तिचं हसणं फाटकापर्यंत ऐकू आलं. लाल गाडीत ती अशी कधी हसली होती? यशोधनला आठवेना.

परत आल्यावर ती हात पंख्यासारखा हलवत म्हणाली, “सीट केवढी गरम! आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.”

“उन्हात उभी होती ना.”

“असेल. आणि अहो, आत तुमच्या माक्याच्या तेलाचा वास येतोय.”

अमरावतीत माक्याचं तेल लावणारा तो काय एकटाच होता? यशोधनने ते तिथल्या तिथे सोडून दिलं.

३

त्यानंतर घरात बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. सांगायला गेलं तर हसू येईल अशा.

दुपारी तो हॉलमध्ये केस वाचत बसलेला असायचा आणि स्वराली येऊन कूलर बंद करून जायची. तो ओरडला की दचकायची. “तुम्ही इथेच होतात होय?” एकदा तर ती बाहेरून कुलूप घालून भाजीला निघून गेली. फोन केल्यावर धावत परतली आणि त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत म्हणाली, “मी हाक मारली होती. घर रिकामं वाटलं हो.”

ऑफिसात उत्तमराव कारकून तो आला तरी उठेनासे झाले. सांगितलं की ओशाळून म्हणत, “साहेब, लक्षच गेलं नाई.” कोर्टात बोलताना न्यायाधीश भलतीकडेच बघायचे.

यशोधन वकील माणूस. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही. स्वरालीची पाळी जायचं वय, उत्तमरावांचे कान गेलेले, न्यायाधीश मुळातच आळशी. प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण होतं आणि प्रत्येक कारण चोख होतं. फक्त सगळी कारणं एकाच महिन्यात कशी आली, एवढं त्याने स्वतःला विचारलं नाही.

दुपारच्या डुलकीचंही तसंच. डोळा लागला की अंगाखाली रस्ता पळायला लागायचा. मूर्तिजापूरच्या अलीकडची बाभळीची रांग डाव्या बाजूने मागे जायची. उजव्या कानाशी कुणीतरी बेसूर गुणगुणत असायचं. जीवन शाळेत असल्यापासून असंच बेसूर गुणगुणायचा. जाग आली की यशोधनचा सदरा घामाने भिजलेला असायचा.

एके दिवशी स्वराली धुवायचे कपडे वेगळे करता करता थांबली. “हे काय करून घेता हो सदऱ्याला? डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत सरळ चुणी पडलीय. रोज एकाच जागी.”

यशोधनने सदरा तिच्या हातातून घेतला. रुंद, चपटी चुणी होती. त्याने तो बादलीत टाकला आणि वरून पाणी सोडलं.

४

“दादा, अदलाबदल करता का?”

जीवनने हे इतकं सहज विचारलं की यशोधनला आधी कळलंच नाही.

“कशाची?”

“गाडीची जी. माही निळी तुमी घ्या, तुमची लाल मले द्या. वर एक पैसा नको. तुमची लाल पयल्यांदा पायली नं मी, तईपासून मनात बसली हाय. निळी घेतली, पण मन तिकडंच.”

नवी देऊन जुनी मागणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर काहीतरी लपवत असतो, हे यशोधनला धंद्याने शिकवलं होतं. दोन दिवस तो येरझारा घालत राहिला. लाल गाडी ही त्याची ओळख होती. बडनेऱ्याच्या टपरीवरची पोरं त्याला “लाल गाडीवाले साहेब” म्हणायची. ती दिली तर तो कोण? आणि गाव काय म्हणेल? वकिलाने माळ्याच्या पोराची वापरलेली गाडी घेतली. दुसऱ्या बाजूला ती निळी होती. डोळे मिटले की निळी, उघडले की निळी.

“तुम्हाला हवीय ना ती?” स्वराली जेवताना म्हणाली. “मग घ्या की. निदान घरी तरी याल.”

“म्हणजे?”

ती वाढता वाढता थांबली. “काय माहीत. तोंडातून निघून गेलं.”

५

अकोल्यात ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. जीवनचं घर कौलखेडच्या बाजूला, मागे रोपवाटिकेचं हिरवं जाळं. पडवीत जीवनची आई माणिकबाई गुलाबाचे देठ खुडत बसली होती. मोठ्या भिंगाचा चष्मा, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. तिने मान वर करून यशोधनला पाहिलं आणि खुशीत आली.

“उतरले बापा एकदाचे. बसा जी, बसा.”

“बरी आहेस ना, माणिकबाई? फार दिवसांनी आलो.”

“फार दिवस कायचे? रोज तं येता.” तिने देठ खुडणं थांबवलं नाही. “जीवनसंगं गाडीत बसून येता अन्‌ गाडीतच बसून राहता. मी म्हणतो चा घ्या, तं मान हलवता. काऊन जी? आमच्या घरचा चा चालत नाई का आता?”

यशोधनने जीवनकडे पाहिलं.

“मोतीबिंदू हाय तिले,” जीवन हळूच म्हणाला. “आप्रेशन करून घेत नाई. तुमी चला, गाडी पाहू.”

गाडी आंब्याखाली सावलीत होती. यशोधन चालवायच्या जागी बसला. बसल्या बसल्या पिं पिं सुरू झालं आणि त्याने स्वतःचा पट्टा लावेपर्यंत थांबलं नाही. डावा पट्टा आधीच लावलेला होता. जीवन बाहेर उभा राहून समजावून सांगत होता, “हे असं दाबा, हे तसं फिरवा.” यशोधनचं लक्ष नव्हतं. डावी सीट मागे सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसाला लागते तेवढी. यशोधनचे पाय लांब होते. सीटच्या गादीत कुणी बसून बसून पडतो तसा खळगा होता. आणि गादी व पाठ यांच्या फटीतून पांढरं काहीतरी डोकावत होतं.

त्याने ते ओढून काढलं. वकिलाच्या गळ्याला बांधायचा पांढरा बँड. टोकाला शाईचा पुसट ठिपका. तो ठिपका कसा पडला ते त्याला माहीत होतं, आणि हा बँड महिनाभर घरात सापडत नव्हता. या गाडीत तो आज पहिल्यांदा बसत होता.

तो बँड त्याने मुठीत दाबला. बाहेरच्या रखरखीत उन्हातही त्याला हुडहुडी भरल्यासारखं झालं. स्वरालीच्या साडीला अडकून आला असेल. नक्की तसंच. ती बसली होती ना या सीटवर एकदा. कारण चोख होतं.

“ही सुपारी अजून इथंच?” त्याने विचारलं. गिअरच्या मागच्या खाचेत ती होती, कुंकू उडून तपकिरी झालेली.

“गुरुजी म्हणले होते, पूजा झाली का उचला अन्‌ पाण्यात सोडून द्या. राहूनच गेलं. मंग वाटलं, कशाले?” जीवन दाराला टेकला आणि लाजल्यासारखा हसला. “तुमाले सांगू का, दादा? एकटा जातो, तरी एकटं वाटत नाई मले. अकोला ते नागपूर मी तुमच्यासंगं बोलून राहतो. धंद्याचं, घरचं, सारं. तुमी आयकता. घरी भेटले का तुमी तुटक बोलता, मले समजते नं. पण गाडीत तुमी लय चांगले.”

आजवर यशोधनने पुष्कळांचा हेवा केला होता. भावकीचा, कोर्टातल्या वकिलांचा, या जीवनचा तर रोज. पण आत्ता पोटात जी कळ उठली ती त्या बाजूच्या सीटवाल्यासाठी होती. तो जीवनला आवडत होता. तो स्वरालीला हसवत गेला होता. आणि इकडे घरात याच्या समोरचा कूलर बंद होत होता.

जे आपलं आहे ते घरी न्यायचं, एवढंच त्याला कळलं. गाडी घेतली की गाडीत जे असेल तेही येईल. त्यात आणखी कसली कायदेशीर अडचण होती?

“करू अदलाबदल,” तो म्हणाला.

६

पुढच्या गुरुवारी जीवन सकाळी निळी घेऊन अमरावतीला आला. कागदांवर सह्या झाल्या. स्वरालीने दोन्ही गाड्यांना हळदकुंकू लावलं, पेढे दिले. मग जो तो आपल्या जुन्या गाडीतलं सामान काढू लागला. यशोधनने लाल गाडीतून छत्री आणि जुना टॉवेल काढला. जीवन निळीत वाकून काहीतरी हातरुमालात गुंडाळत होता. यशोधनचं तिकडे लक्ष नव्हतं. तो लाल गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत होता.

जीवन पाया पडला. “येतो, दादा. माह्या गाडीत मान कायमचा तुमचाच.” आणि लाल गाडीत जाऊन बसला.

यशोधन निळीत बसला. दार लावलं तसा बाहेरचा आवाज तुटला. डावी सीट रिकामी होती. पट्टा सुटलेला, जागच्या जागी गुंडाळलेला. गादीतला खळगा भरून आला होता. त्याने तिच्यावर तळवा ठेवला. गार. त्याने इंजिन सुरू केलं. डाव्या सीटसाठी पिं पिं नाही, काही नाही. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. झालं तर मग. सेन्सरच होता.

तेवढ्यात समोर लाल गाडी सुरू झाली.

असा आवाज तिने त्याच्या हाताखाली कधी केला नव्हता. गॅलऱ्यांत माणसं आली. सकाळच्या उन्हात ती लाल अशी पेटून उठली होती की यशोधनला वाटलं, ही गाडी आपण कधी पाहिलीच नाही. इतकी वर्षं घरात होती आणि पाहिली नाही. आणि दिली. त्या माळ्याच्या पोराला उचलून दिली. पोटात ती जुनी कळ उठली. तो जागेवरून पुढे सरकला. तो पूर्णच्या पूर्ण त्या गाडीकडे ओढला गेला.

लाल गाडीच्या मागच्या काचेतून जीवन दिसत होता. त्याने रुमाल सोडला, आतलं काहीतरी दोन बोटांत धरून कपाळाला लावलं आणि गिअरच्या मागे ठेवलं. मग डावीकडे झुकून त्याने पट्टा ओढला आणि सावकाश, झोपलेल्या माणसाला लावावा तसा, रिकाम्या सीटवर लावला.

गाडी कोपऱ्यावर वळली. वळताना डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला. लांब बाही, करंगळीशेजारच्या बोटात पुष्कराजाची अंगठी. अंगठी दारावर दोनदा टकटक वाजली. बडनेऱ्याला निघताना यशोधन नेहमी तसंच करायचा.

त्याने आपल्या बोटाकडे पाहिलं. अंगठी जिथे असायची तिथे फिकट कडं होतं.

७

स्वराली फाटकात आली. पेढ्यांचं ताट अजून हातातच होतं.

“स्वराली,” त्याने काच खाली करून हाक मारली.

ती गाडीपाशी आली, वाकली, आणि पुढच्या काचेतून त्याच्या तोंडाकडे बघत तिने टिकली सरळ केली. काचेत माणूस स्वतःला बघतो तशी. मग आत डोकावली, मागे पाहिलं, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं.

“अगं, मी इथे आहे.”

तिचा फोन वाजला. हात पेढ्यांनी चिकट होते म्हणून तिने तो बोटाच्या टोकाने स्पीकरवर टाकला.

“वहिनी, निघालो बरं. बडनेरा रोडले लागलो.” मागे लाल गाडीचं गुरगुरणं होतं आणि जीवन खुशीत होता. “दादाची काळजी करू नका. माह्या बाजूलेच हायेत.”

“तुमच्याबरोबर गेले? आणि मला सांगायची पद्धत नाही.” स्वराली हसली. ते हसणं यशोधनने ओळखलं. तेच होतं ते, त्या दिवशी फाटकापर्यंत आलेलं. “बोलतायत का तरी?”

“बोलत नाई. पण खुश हायेत. मान हलवून राहिले.”

“असू दे. कधीचे घुम्यासारखे होते घरात. सावकाश जा, आणि त्यांना जेवायला घालून पाठवा.”

तिने फोन पदरात पुसला. गाडीकडे बघून जीभ चावली. “चालूच ठेवून गेले की. उत्तमरावांना पाठवते बंद करायला,” असं स्वतःशीच म्हणत ती आत गेली. फाटकाची कडी तिने लावून घेतली.

यशोधन स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. हॉर्न दाबला होता त्याने, दोनदा, जोर लावून. समोरच्या गॅलरीतल्या बाईने वाळत घातलेली साडी झटकली आणि आत गेली. इंजिन चालू होतं. पुढच्या पडद्यावर निळे आकडे शांतपणे उजळलेले होते. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की त्याने स्वतःचा पट्टा लावलेला नाही.

तो पिं पिं ऐकू यायची वाट बघत बसून राहिला.